दोन कुशस्थळी आणि एक ओसाड गड

उज्जैनला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रामघाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. पाऊस नुकताच सरला होता आणि क्षिप्रेला बऱ्यापैकी पाणी होतं. शेजारी एक कुटुंब आपल्या वाडवडिलांचं कार्य करत होतं आणि त्यांचे भटजी त्यांना या नगरीचं माहात्म्य सांगत होते. वेगवेगळ्या कल्पांत या नगरीला वेगवेगळी नावं होती म्हणे. कनकशृंगा, कुशस्थली, अवंतिका, पद्मावती, कुमुद्वती, अमरावती... स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात ही नामावळी आहे हे पूर्वी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि नदीकाठावर बसून ऐकणं वेगळं. 'कुशस्थली' हा शब्द कानावर पडला आणि मी चमकून त्या भटजींकडे पाहिलं.

गोव्याच्या माणसाला कुशस्थळी म्हटलं की आठवते ती आपली कुठ्ठाळी. झुवारीच्या काठची. श्रीमंगेशाचं मूळ स्थान. १५६० साली पोर्तुगिजांच्या भयाने भाविकांनी मंगेशाचं लिंग तिथून उचललं, नदी ओलांडली आणि अंत्रूज महालात प्रियोळला आणून ठेवलं. ही कथा आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मात्र या कथेचा एक धागा क्षिप्रेच्या काठावर येऊन पोचतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

उज्जैनचं महाकालाचं मंदिर १२३५च्या सुमारास दिल्लीच्या इल्तुतमिशने उद्ध्वस्त केलं. आज आपण ज्या मंदिरात दर्शनाला जातो ते उभं राहिलं अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, मराठ्यांचा माळव्यात जम बसला तेव्हा. राणोजी शिंद्यांच्या दौलतीचा कारभार पाहणाऱ्या रामचंद्रबाबा शेणवी यांनी ते बांधून घेतलं. हे रामचंद्रबाबा म्हणजेच रामचंद्र मल्हार सुखटणकर. मूळचे शिरोड्याजवळच्या आरवलीचे, म्हणजे आपल्या तेरेखोलपलीकडचे शेजारी आणि मंगेशाचे निस्सीम भक्त. १७३९ साली पेशव्यांकडून मंगेशी गाव देवस्थानाला मिळालं ते याच गृहस्थांच्या शब्दावरून.

तर पाहा, एका कुशस्थळीतून परागंदा झालेल्या देवाचा भक्त दुसऱ्या कुशस्थळीत येतो आणि पाचशे वर्षं मोडून पडलेलं देऊळ पुन्हा उभं करतो. योगायोग म्हणा, दुसरं काही म्हणा. मला मात्र त्या सकाळी घाटावर बसल्या बसल्या अंगावर काटा आला.

हे सगळं मनात घोळत असतानाच मांडवगडला जायचं ठरलं. मूळ बेत नव्हता. पण उज्जैनपर्यंत आलोच आहोत तर एक दिवस गाडी करून मांडव पाहून यावं, असं लॉजच्या मालकाने सुचवलं आणि गाडीबरोबर एक वाटाड्याही ठरवून दिला. वाटाड्या म्हणजे निवृत्त शाळामास्तर. घर धारचं, पण मुलाकडे म्हणून उज्जैनला राहिलेले. पहाटे सहाला गाडीशी आले ते "नमस्कार, आपण गोव्याचे ना?" असं स्वच्छ मराठीत म्हणतच. पवारांच्या फौजेबरोबर त्यांचे पूर्वज दख्खनेतून आले आणि इथलेच झाले. मराठी घरात टिकली आहे, फक्त तिला हिंदीचा हेल आहे. उन्हाला ते 'धूप' म्हणतात आणि चहाला 'चाय'. मी त्यांना गुरुजी म्हणू लागलो आणि तासाभरात त्यांनी माझं 'गोवेकर' करून टाकलं.

उज्जैनहून मांडव दीडशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत पोहे-जिलबी झाली. माळव्यात सकाळी याला पर्याय नाही. पोह्यांवर शेव आणि बडीशेप असते. आपल्या फोवांची सवय असलेल्या जिभेला पहिला घास जरा परका लागतो, दुसरा नाही.

धार मागे पडलं तेव्हा गुरुजींनी पश्चिमेकडे हात केला. "तिकडे अमझेरा. नाव ऐकलंय?" ऐकलं होतं. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजीअप्पाने तिथं माळव्याचा मुघल सुभेदार गिरिधर बहादूर आणि त्याचा चुलतभाऊ दया बहादूर यांचा पराभव केला. दोघेही रणात पडले. नर्मदा ओलांडून, याच विंध्याच्या घाटातून मराठी फौज वर माळव्यात चढली होती. शाळेत आपण चिमाजीअप्पा शिकतो तो वसईचा. वसईच्या आधी अकरा वर्षं तो या डोंगरात होता, हे लक्षात राहत नाही. वसईचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून हे इथं नोंदवून ठेवतो.

मांडव हा मूळचा मंडपदुर्ग. आपण सह्याद्रीत पाहतो तसा हा सुळक्यासारखा गड नाही. समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवरचं एक अवाढव्य पठार, माळव्यापासून एका खोल दरीने तोडल्यासारखं वेगळं झालेलं. या दरीला काकडा खोह म्हणतात. पठाराच्या कडेकडेने चाळीस किलोमीटरच्या आसपास लांबीचा तट. त्या तटाच्या आत तळी, शेतं, जंगल, भिल्लांच्या वस्त्या, आणि त्यांच्यात विखुरलेल्या मशिदी, मकबरे, महाल. गाडी एकामागून एक दरवाजे ओलांडत वर चढत होती. रस्त्याच्या कडेला गोरखचिंचेची झाडं दिसू लागली. बुंधा हत्तीएवढा आणि फांद्या मात्र मुळं वर करून लावल्यासारख्या. इथले लोक हिला खुरासानी इमली म्हणतात. हे झाड मूळचं आफ्रिकेचं. इथल्या सुलतानांच्या काळात आलं असं सांगतात. महाल मोडले, पण झाडांना अजून फळं लागतात. गुरुजींनी एक फळ फोडून आतला पांढरा गर हातावर ठेवला. आमसुलाची आठवण व्हावी असा आंबट.

चौदाव्या शतकाच्या शेवटी तैमूरने दिल्ली खिळखिळी केली आणि माळव्याचा सुभेदार दिलावरखान घोरी स्वतंत्र झाला. त्याचा मुलगा होशंगशहा. त्याने राजधानी धारहून या पठारावर आणली. गावाला नाव मिळालं शादियाबाद, म्हणजे आनंदनगर. पुढे खिलजी घराणं आलं. महमूद खिलजी लढवय्या होता, त्याचा मुलगा गियासुद्दीन विलासी. १४६९ ते १५०० अशी एकतीस वर्षं त्याने राज्य केलं आणि त्यातला बराचसा वेळ जनानखान्यात आणि मुदपाकखान्यात घालवला. त्याच्या दरबारात लिहिलं गेलेलं पाककृतींचं सचित्र पुस्तक, 'निमतनामा', आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. राज्य गेलं, समोशाची कृती राहिली.

जहाज महालासमोर उभं राहिलो तेव्हा नऊ वाजले असतील. मुंज तलाव आणि कपूर तलाव अशा दोन तळ्यांच्या मध्ये ही सव्वाशे मीटर लांबीची चिंचोळी दुमजली इमारत. दोन्ही बाजूंना पाणी भरलं की जहाज नांगरून ठेवल्यासारखी दिसते. फोटोत ती सगळ्यांनी पाहिलेली असते. गुरुजींनी मात्र मला समोरून न नेता थेट गच्चीवर नेलं आणि म्हणाले, "इमारत नंतर पाहा. आधी पाणी पाहा."

गच्चीवर दगडात कोरलेले पन्हाळ होते. एका ठिकाणी तर शंखासारखी वेटोळी घातलेली नाली. पावसाचं पाणी त्या वेटोळ्यांतून फिरत फिरत जायचं, गाळ मागे राहायचा आणि निवळ पाणी खालच्या हौदात पडायचं. जवळच चंपा बावडी आहे. वर विहीर आणि खाली पाण्याच्या पातळीशी तळघरातल्या खोल्या, उन्हाळ्यात गारव्याला बसायला. गुरुजी एकेक नाली दाखवत होते आणि माझ्या हळूहळू ध्यानात आलं की या पठारावर नदी नाही. नर्मदा आहे, पण ती हजारभर फूट खाली, निमाडच्या सपाटीवर, दूर. इथं राहणाऱ्या प्रत्येक माणसाला, हत्तीला, घोड्याला लागणारं पाणी चार महिन्यांत आकाशातून पडणार आणि ते आठ महिने पुरवायचं. म्हणजे हे सबंध शहर गच्च्या, नाल्या आणि तळी यांच्यावर तोललेलं होतं. आणि नाली म्हटली की ती साफ करणारा माणूस लागतो, दरवर्षी, मिरगाच्या आधी. कौलं परतण्यासारखंच हे काम. एक वर्ष चुकवलं तर चालतं. तीन वर्षं चुकवली तर नाही.

होशंगशहाचा मकबरा पांढऱ्या संगमरवराचा. चौथऱ्यावर एक घुमट, कसलाही भपका नाही. त्याच्या दारावर १६५९चा एक लेख आहे. शहाजहानच्या पदरचे चार वास्तुकार इथं येऊन गेले आणि आपली नावं कोरून गेले. त्यांत लुत्फुल्ला आणि हमीद ही दोन नावं आहेत आणि जादुराय, शिवराम ही दोन आहेत. शेजारची जामी मशीद १४५४ साली पुरी झाली. दमास्कसच्या मशिदीवरून तिचा आराखडा घेतला असं सांगतात. आत शिरल्यावर कमानींच्या रांगाच रांगा आणि त्यांत आपल्याच पावलांचा आवाज. मशिदीसमोर अशरफी महालाचं खिंडार आहे. चितोडच्या राणा कुंभावर मिळवलेल्या विजयाचा सात मजली मनोरा महमूद खिलजीने इथं उभारला होता. आता त्याचा बुडखा तेवढा उरला आहे. गंमत अशी की त्याच झगड्यात आपणच जिंकलो म्हणून राणा कुंभानेही चितोडला विजयस्तंभ उभारला. तो अजून उभा आहे. मी म्हटलं, "गुरुजी, मग जिंकलं कोण?" ते हसून म्हणाले, "ज्याचा खांब उभा तो जिंकला असं पोरांना वाटतं. मी चाळीस वर्षं तेच शिकवलं."

आता वसईकडे येतो.

१५३१ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने मांडव घेतलं आणि माळव्याची सुलतानशाही संपली. बहादूरशहा त्या वेळी पश्चिम हिंदुस्थानातला सगळ्यांत बलाढ्य राजा. पण उत्तरेकडून हुमायून येणार याची त्याला धास्ती होती. पाठीमागे समुद्रावर पोर्तुगीज होते. दोन्हीकडे लढणं शक्य नाही हे ओळखून त्याने डिसेंबर १५३४ मध्ये पोर्तुगिजांशी तह केला आणि वसई व तिच्या ताब्यातला मुलूख त्यांना देऊन टाकला. त्यात मुंबईची बेटंही गेली. पुढच्याच वर्षी हुमायून आला. मंदसोरला बहादूरशहाचा लष्करी तळ मोडला आणि तो पळून आला या मांडवगडावर. एका रात्री मुघलांचे लोक तट चढून आत उतरले. बहादूरशहा झोपेतून उठला आणि मूठभर स्वारांनिशी चांपानेरकडे निसटला. तिथून खंबायत आणि तिथून दीव. आता त्याच्याजवळ पोर्तुगिजांची मनधरणी करण्यावाचून मार्ग उरला नव्हता. त्याने दीवला किल्ला बांधायची परवानगी दिली. १५३७च्या फेब्रुवारीत, गोव्याहून आलेला गव्हर्नर नुनु द कुन्य याची गलबतावर भेट घेऊन परतताना दीवच्या समुद्रात झालेल्या चकमकीत तो मारला गेला.

तटाच्या कडेला उभं राहून मी हा हिशेब मनातल्या मनात मांडत होतो. या कड्यावर ज्या रात्री शिड्या लागल्या त्या रात्रीने दीवचं नशीब ठरलं. तिथं उभा राहिलेला पोर्तुगीज किल्ला १९ डिसेंबर १९६१पर्यंत त्यांच्याच ताब्यात होता. चारशे सव्वीस वर्षं. आपल्याबरोबरच तो मोकळा झाला आणि १९८७पर्यंत पणजीहूनच दीवचा कारभार चालला. आणि वसई? जी बहादूरशहाने भीतीपोटी दिली, ती मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पाने परत घेतली. त्याच चिमाजीने, जो अकरा वर्षांपूर्वी या डोंगराच्या घाटातून माळव्यात चढला होता. आपण गोव्याचा इतिहास समुद्राकडे तोंड करून वाचतो. लिस्बन, कोचीन, मलाक्का. त्याची एक किल्ली अशी डोंगरात, समुद्रापासून शेकडो कोस आत पडलेली असते.

मांडव हुमायूनच्या हाती लागल्यावर इथं जी कत्तल झाली तिची एक गोष्ट 'मिरात-इ-सिकंदरी' या ग्रंथात आहे. हुमायून त्या दिवशी तांबडी वस्त्रं नेसून बसला होता. तांबडी वस्त्रं म्हणजे कत्तलीचा हुकूम. बहादूरशहाच्या दरबारातला एक गवई पकडून त्याच्यापुढं आणला गेला. कुणीतरी सांगितलं, हा मोठा गुणी आहे. हुमायूनने गायला सांगितलं. तो गायला. बादशहाने तांबडी वस्त्रं उतरवली, हिरवी अंगावर घेतली आणि कत्तल थांबली. गाण्याचं वेड असलेल्या आपल्या गोव्यात ही गोष्ट घरोघर सांगण्यासारखी आहे.

दुपारी दाल-पानिये खाल्ले. मक्याच्या पिठाचे गोळे पळसाच्या पानांत ठेवून गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले. नंतर रेवाकुंड आणि रूपमतीचा मंडप. रूपमती आणि बाजबहादूर ही मांडवची लाडकी कहाणी. ती नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय अन्न घेत नसे, म्हणून टोकावरची ही चौकी तिच्यासाठी वाढवून घेतली असं सांगतात. १५६१ साली अकबराचा सरदार आदमखान चालून आला, बाजबहादूर हरून पळाला आणि रूपमतीने विष घेतलं. वर उभा राहिलो तर खाली निमाडवर धुकं होतं. बऱ्याच वेळाने एक चंदेरी रेघ दिसली. गुरुजींनी हात जोडले, मीही जोडले. मनात सहज आलं, १५६०-६१. मंगेश कुठ्ठाळी सोडून गेला त्याच्या पुढच्याच वर्षी ही. दोन्हीकडे माणसं आपापल्या जागा सोडून निघाली होती.

त्यानंतर मांडव पुन्हा राजधानी झालं नाही. मुघलांनी माळव्याच्या सुभ्याचं ठाणं उज्जैनला केलं. १६१७ साली मात्र जहांगीर इथं येऊन सात-आठ महिने राहिला. त्याच्या येण्याआधी सुमारे तीन लाख रुपये खर्चून महालांची डागडुजी करण्यात आली. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो बादशहाच्या लवाजम्याबरोबर इथं आला होता आणि त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. या आनंदनगरात त्याला काय दिसलं? पाण्याची टंचाई. एवढा मोठा तळ वर चढला आणि पाणी पुरेना. गोरगरीब तहानेने व्याकूळ झाले. रोने एका सरदाराकडे रदबदली करून त्याच्या ताब्यातल्या विहिरीचं रोज चार ओझी पाणी मिळवलं. राहायला जागा मिळाली ती एका ओसाड इमारतीत. तिथं रात्री सिंह भिंतीवरून उडी मारून यायचा आणि शेळ्या-मेंढ्या उचलून न्यायचा. त्याचं एक कुत्रंही गेलं. सिंहाला मारायला बादशहाची परवानगी लागली.

बाजबहादूर जाऊन तेव्हा अवघी छप्पन वर्षं झाली होती, वाचकहो! छप्पन वर्षांत शहराची ही गत. महाल तीन लाखांत दुरुस्त होऊ शकतात. पण नाली साफ करणारा, तळ्यातला गाळ काढणारा, विहिरीचा कठडा नीट ठेवणारा, तिथंच राहणारा माणूस तीन लाखांत परत येत नाही.

हे सगळं ऐकून माझ्या मनात सकाळपासून रुतलेला प्रश्न मी अखेर विचारला. "गुरुजी, मराठे आले. उज्जैनला महाकाल उभा केला. मग मांडव का नाही?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. आम्हांला नीलकंठाच्या पायऱ्यांपाशी घेऊन गेले. दरीच्या कड्याला लगटून एक छोटी लाल दगडाची वास्तू आहे. अकबराच्या काळात शाह बुदाग खानाने बांधलेला विश्रामाचा महाल. भिंतीवर फारसी लेख आहेत, एकात अकबराच्या दख्खनच्या स्वारीची नोंद, दुसऱ्यात ऐहिक वैभवाच्या क्षणभंगुरतेवर चिंतन. आणि त्याच महालात शिवाचं लिंग आहे, त्याची रोज पूजा होते. झऱ्याचं पाणी कोरलेल्या नालीतून वाहत होतं. दिवसभरात वाहतं पाणी असलेली नाली मी ही एकच पाहिली. नुकतीच कुणीतरी झाडून घेतली होती. कडेला बेलाची पानं गोळा करून ठेवली होती.

"हे उत्तर," गुरुजी म्हणाले. "पवारांनी राजधानी धारला केली. सपाटीवर राहणाऱ्याला या डोंगरावर चढून काय मिळणार? इथं ना बाजार, ना वाट. पण गावातल्या राममंदिराची व्यवस्था त्यांच्याच घराण्याने लावली. जिथं रोज सकाळी कुणीतरी यायला हवं अशी जागा असते ना गोवेकर, ती टिकते. बाकी राहून जातं."

पवारांना अगदीच दोष देता येणार नाही. विसाव्या शतकात धार संस्थानाने या अवशेषांकडे लक्ष दिलं. १९२९ साली गुलाम याझदानींचं मांडववरचं पुस्तक संस्थानासाठीच ऑक्सफर्डला छापलं गेलं. आज भारतीय पुरातत्त्व खातं इथलं गवत कापतं, भिंती सावरतं. त्यांच्यामुळेच तर मला काही पाहायला मिळालं. पण हे शुश्रूषेसारखं झालं. घरात माणूस राहतो तेव्हा घराला शुश्रूषा लागत नाही. आपल्याकडे जमिनीच्या कज्ज्यात एक शब्द नेहमी येतो, वहिवाट. कागद कुणाच्याही नावावर असो, वहिवाट कुणाची, हे आधी विचारतात. मला वाटतं दगडालाही वहिवाट लागते.

परतताना गाडीत मी त्यांना आमच्या जुन्या गोव्याबद्दल सांगितलं. एके काळी लिस्बनशी बरोबरी सांगणारं शहर. साथी आल्या, पाणी नासलं, माणसं निघून गेली. १७५९ साली व्हाइसरॉयनेही मुक्काम पणजीला हलवला. आदिलशहाचा जो महाल पुढे व्हाइसरॉयांचा झाला, त्याचं एक दार तेवढं उरलं आहे. पण बॉं जेजुसचं चर्च उभं आहे, कारण तिथं सकाळची मीस चुकत नाही आणि डिसेंबरात फेस्ताला माणूस लोटतो. महाल कुणाचा, चर्च कुणाचं, देऊळ कुणाचं, हा प्रश्नच नाही. रोज दार उघडणारा कुणीतरी आहे का, एवढाच प्रश्न. आणि देवळाचं म्हणाल तर कुठ्ठाळीची माणसं दगड मागे टाकून देव घेऊन गेली, आणि प्रियोळला त्याच देवाभोवती नवं गाव वसलं. आधी दिवा लागला आणि मग भिंती उभ्या राहिल्या. रामचंद्रबाबांनी उज्जैनला हेच केलं. पाचशे वर्षं मंदिर नव्हतं, पण क्षिप्रेवर येणारा यात्रेकरू थांबला नव्हता. त्याच्यासाठी त्यांनी भिंती बांधल्या. मांडववर बांधून देण्याजोगं पुष्कळ होतं. फक्त वाट पाहणारं कुणी नव्हतं.

गुरुजी शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या गावचं घर उघडं आहे ना?"

काय सांगणार? वडील गेल्यानंतर चौथा पावसाळा. आम्ही भावंडं पणजी, मुंबई आणि पुण्याला. चतुर्थीला दोन दिवस जातो, दार उघडतो, गणपती आणतो, विसर्जन झालं की कुलूप लावतो. गेल्या खेपेला न्हाणीकडची कौलं सरकलेली दिसली होती. पुढच्या खेपेला बघू म्हणालो होतो. ही गत काही माझ्या एकट्याची नाही. अंत्रूज म्हणा, पेडणे म्हणा, बार्देश म्हणा, वाड्यावाड्यावर अशी कुलपं आहेत. हिंदूंच्या घरांना आहेत, ख्रिस्तांवांच्या घरांना आहेत. "आहे, उघडं आहे," असं मी गुरुजींना सांगितलं. खोटं बोललो.

उज्जैनला पोचायला रात्र झाली. महाकालाच्या रांगेत उभा राहिलो. २०२२ साली 'महाकाल लोक' झाल्यापासून गर्दी फार वाढली आहे आणि भिंती, कमानी, मूर्ती सगळं नवं झालंय. काहींना ते आवडत नाही. मलाही सगळं आवडलं असं नाही. पण रांगेत माझ्यापुढं एक म्हातारी होती, हातात बेलाची चार पानं घेऊन. ती कमानींकडे बघत नव्हती. तिला फक्त आत जायचं होतं. १२३५ नंतर पाचशे वर्षं या जागेला तिच्यासारख्यांनीच सांभाळलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पहिलं काम केलं ते गावच्या शेजाऱ्याला फोन. कौलं परतणारा माणूस कधी मिळेल म्हणून.